अस्सलबरहुकूम नक्कल

जुन्या दफ्तरांत एखाद्या सनदेची किंवा निवाड्याची दुसरी प्रत करावयाची झाल्यास ती मूळ कागदाशीं ताडून पाहावी लागे. आणि अक्षर न् अक्षर जुळल्यावर तिच्यावर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा पडे. ह्या शेऱ्यांत एक शहाणपण आहे. नक्कल असणें ह्यांत कमीपणा नाहीं. नक्कल खोटी ठरते ती मुळाशीं न जुळल्यामुळें. मात्र ह्या साऱ्या व्यवहाराला एक अट आहे. मूळ कागद कोठें तरी असला पाहिजे. तोच नसेल तर ताडून पाहावयाचें कशाशीं, आणि शेरा मारावयाचा कोणत्या आधारावर?

हा प्रश्न केवळ दफ्तरखान्यापुरता नाहीं. अमेरिकेंत ‘टिकी बार’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मद्यगृहांविषयीं तो कित्येक वर्षें मोठ्या हिरीरीनें लढविला जात आहे. टिकी बार म्हणजे दक्षिण समुद्रांतील बेटांचा देखावा उभा करणारें मद्यगृह. रस्त्यावरील उजेडांतून आंत पाऊल टाकतांच अंधार दाटतो. भिंतींना बांबू आणि चटया, डोक्यावर झावळ्यांचें छप्पर, वर टांगलेलीं मासेमारीचीं जाळीं, फुगवून वाळविलेल्या कांटेरी माशांच्या पोटांत लावलेले दिवे, आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून वटारलेल्या डोळ्यांनीं पाहणाऱ्या लांकडी मूर्ति. पेय असतें तें बहुधा रम, लिंबाचा रस आणि मसाल्याचे पाक ह्यांचें मिश्रण. आणि तें पुष्कळदां त्याच मूर्तींच्या आकाराच्या चिनी मातीच्या पेल्यांतून दिलें जातें.

ह्या मद्यगृहांचे भक्त पुष्कळ आहेत, आणि ते साधे गिऱ्हाईक नव्हेत. ते जुने पेले जमवितात, जुनीं पेयपत्रकें जपून ठेवतात, बंद पडलेल्या मद्यगृहांचा इतिहास लिहितात. एखाद्या शहरांत नवा टिकी बार उघडला कीं ही मंडळी परीक्षकाच्या नजरेनें तेथें जातात. आंतून रस्ता तर दिसत नाहीं ना? भिंतीवर दूरचित्रवाणीचा पडदा तर नाहीं ना? लिंबू ताजें पिळलेलें आहे, कीं बाटलींतलें? एका पेल्यांत दोनतीन देशांच्या रम मिसळतात, कीं एकीवरच भागवितात? मूर्ति हातानें कोरलेल्या, कीं कारखान्यांतून आणलेल्या? ह्या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं नाहींत तर निकाल लागतो: हें टिकी नव्हे, समुद्रकांठाचें नुसतें सोंग आहे. दुसरा पक्ष म्हणतो, पेय उत्तम असेल आणि मन रमत असेल तर बांबूच्या काठ्या मोजीत बसण्यांत काय अर्थ? सॅन फ्रान्सिस्को शहरांत २००९ सालीं मार्टिन केट ह्यांनीं ‘स्मगलर्स कोव्ह’ नांवाचें मद्यगृह उघडलें. त्यांत रमचे शेंकडों प्रकार ठेवलेले. आणि पेयांच्या यादींत टिकी पेयांच्या जोडीला कॅरिबियन बेटांचीं जुनीं पेयें होतीं, तशींच अमेरिकेंतील दारूबंदीच्या काळीं हवानाच्या मद्यगृहांत मिळणारीं पेयेंही होतीं. अशा स्थळाला टिकी बार म्हणावें, रमचें भांडार म्हणावें, कीं दोन्ही? वरवर पाहतां हा वाद पोरकट वाटेल. परंतु त्याच्या बुडाशीं गेल्यावर दिसतें कीं, त्यांत एका कारागिरीचा, ती जपणाऱ्या विस्मृत माणसांचा आणि दूरच्या एका समाजाच्या देवांचा प्रश्न गुंतलेला आहे.

निवाडा करावयाचा तर प्रथम मूळ कागद शोधला पाहिजे. तो शोध पॅसिफिक महासागरांतील एखाद्या बेटावर नेऊन सोडत नाहीं. तो नेतो हॉलिवुडला.

अमेरिकेंत १९२० पासून अमलांत असलेली दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजीं उठली. त्याच सुमारास अर्नेस्ट रेमंड बोमाँट गँट ह्या तरुणानें हॉलिवुडच्या एका आडगल्लींत लहानसें मद्यगृह थाटलें. गँटचा जन्म १९०७ चा. ऐन तारुण्यांत तो कॅरिबियन व पॅसिफिक समुद्रांतून हिंडला होता. बांबू, जाळीं, किनाऱ्यावर वाहून आल्यासारखें दिसणारें सामान ह्यांनीं त्यानें आपलें दुकान सजविलें. पुढें तें ‘डॉन द बीचकोंबर’, म्हणजे किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तु वेंचीत फिरणारा डॉन, ह्या नांवानें प्रसिद्धीस आलें. मालकाला तें सोंग इतकें मानवलें कीं, त्यानें कायद्यानें स्वतःचें नांव बदलून डॉन बीच असें करून घेतलें. काळ आर्थिक मंदीचा होता. दक्षिण समुद्राचा प्रवास सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचा. पण संध्याकाळच्या दोन घटका त्या समुद्राच्या भासांत घालविणें त्याला परवडत होतें. छपरावर पाणी सोडून पाऊस पडल्याचा आवाज करावयाचा, म्हणजे गिऱ्हाईक बाहेर पडावयास धजत नाहीं आणि आणखी एक पेला मागवितो, ही युक्तिही डॉननें योजिली होती. जेवण मात्र ताहितीचें नव्हतें, हवाईचेंही नव्हतें. तें मुख्यतः चीनमधील कँटनच्या पद्धतीचें होतें. त्याला नांवें तेवढीं नवीं दिलीं होतीं.

पेयांची गोष्ट तर याहूनही मौजेची आहे. पॉलिनेशियांत रम गाळण्याची परंपरा नव्हती. रम ही उंसाच्या मळीपासून गाळतात, आणि तिचें माहेर कॅरिबियन बेटें. दारूबंदी उठल्यावर जुनी, मुरलेली व्हिस्की दुर्मिळ व महाग झाली होती. रम मात्र स्वस्तांत मुबलक मिळत होती. म्हणून डॉननें जमेकाच्या ‘प्लँटर्स पंच’ ह्या पेयाचा सांचा उचलला: आंबट, गोड, मद्य, पाणी आणि मसाला. एकाच पेल्यांत वेगवेगळ्या बेटांच्या रम मिसळून आणि दालचिनी, जायफळ ह्यांसारखे मसाले घालून त्यानें त्या जुन्या सांच्यांतून नवीं पेयें घडविलीं.

आणि हा पंच तरी मूळचा कोठला? येथें गोष्ट अनपेक्षितपणें कोंकणपट्टीच्या दिशेनें वळते. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७३ च्या सुमारास, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या आगेमागें, मुंबई व पश्चिम किनाऱ्यावर वावरत होता. त्याचें प्रवासवर्णन १६९८ सालीं छापलें गेलें. गोव्याजवळील नेरूळ गांवीं उत्तम अरक गाळला जातो, ह्या किनाऱ्यावरील इंग्रज त्यापासून पंच नांवाचें पेय करतात, आणि पांच पदार्थ पडत असल्यामुळें एतद्देशीय ‘पांच’ ह्या शब्दावरून त्याला तें नांव पडलें, असें त्यानें नमूद केलें आहे. ही व्युत्पत्ति सर्वच भाषापंडितांना मान्य नाहीं. तरी तिला मानणारे पुष्कळ आहेत. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशांनीं उचललेली रीत त्यांच्या जहाजांतून जगभर पसरली, कॅरिबियन मळ्यांवर तिला रमची जोड मिळाली, आणि अखेर हॉलिवुडच्या आडगल्लींत ती पॉलिनेशियन म्हणून विकली गेली. मूळ कागद शोधावयास निघालेल्या कारकुनाच्या हातीं एकाखालीं एक अशा नकलाच येत राहाव्या, तसा हा प्रकार आहे.

ह्या नकलेला मुळाची प्रतिष्ठा देणारे हात कोणाचे होते, हेंही पाहण्यासारखें आहे. फिलिपीन बेटें १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्या सत्तेखालीं होतीं, आणि तेथून अनेक तरुण पोटापाण्यासाठीं कॅलिफोर्नियांत आले होते. डॉनच्या मद्यगृहांत पडद्याआड पेयें मिसळीत ते मुख्यत्वें हे फिलिपिनो कारागीर. प्रतिस्पर्ध्यांनीं कृति चोरूं नये म्हणून डॉननें विलक्षण खबरदारी घेतली होती. बाटल्यांवर पदार्थांचीं नांवें नसत. ‘डॉनचें मिश्रण’ किंवा ‘मसाला क्रमांक अमुक’ अशा खुणा असत. मिसळणाराला माप ठाऊक असे. पण बाटलींत काय आहे हें त्यालाही ठाऊक नसे. १९३४ सालचें त्याचें ‘झाँबी’ नांवाचें पेय इतकें जहाल होतें कीं, एका गिऱ्हाइकाला दोहोंपेक्षां अधिक पेले मिळत नसत. मूळ कृति गुप्त राहिल्यानें त्याच्या वाटेल तशा नकला सर्वत्र होऊं लागल्या, आणि मूळ चव कोणाच्याच आठवणींत उरली नाहीं. जेफ बेरी ह्या संशोधकानें अनेक वर्षें जुने नोकर व त्यांचीं कुटुंबें शोधून काढलीं. एका जुन्या नोकराच्या १९३७ सालच्या टिपणवहींत झाँबीची कृति सांपडली खरी, पण तींतही ‘डॉनचें मिश्रण’ हा सांकेतिक शब्द होताच. तोही अखेर उलगडला: दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस व एक भाग दालचिनीचा पाक. २००७ सालीं बेरी ह्यांनीं ही कृति पुस्तकांत प्रसिद्ध केली. रे बुहेन हा डॉनच्या पहिल्या फिलिपिनो कारागिरांपैकीं एक. त्यानें १९६१ सालीं लॉस एंजेलिसमध्यें ‘टिकी-टी’ नांवाचें स्वतःचें छोटें मद्यगृह काढलें, आणि तें पुढें त्याच्या मुलानें व नातवांनीं चालविलें. डॉनचें नांव पाटीवर झळकलें. त्याची विद्या मात्र ह्या माणसांच्या हातांत जिवंत राहिली.

डॉनचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे व्हिक्टर बर्जेरॉन. त्यानें १९३४ सालीं ओकलंड शहरांत एक साधें खाद्यपेयगृह उघडलें होतें. डॉनचें दुकान पाहून आल्यावर त्यानेंही आपल्या दुकानाचा कायापालट करून ‘ट्रेडर व्हिक’ हें नांव धारण केलें. लहानपणीं क्षयाच्या विकारानें त्याचा एक पाय कापावा लागला होता; गिऱ्हाइकांना मात्र तो पाय शार्क माशानें खाल्ल्याची कथा ऐकावयास मिळे. १९४४ सालीं त्यानें जुनी जमेकन रम, लिंबू, संत्र्याच्या सालीचें मद्य आणि बदामी सरबत ह्यांचें एक पेय तयार केलें. त्याचें ‘माय ताय’ हें नांव ताहितीच्या भाषेंतील ‘उत्तम’ ह्या अर्थाच्या शब्दावरून पडलें. हें पेय मूळ आपलेंच, असा दावा डॉननेंही केला, आणि तो तंटा दोघांच्या मरणानंतरही मिटला नाहीं. १९५३ सालीं बर्जेरॉननें हें पेय हवाई बेटांत नेलें. तेथें त्यांत अननसाचा रस पडूं लागला, आणि हवाईंत तोच प्रकार रूढ झाला. आज भक्तमंडळींच्या दृष्टीनें अननस घातलेला माय ताय अशुद्ध होय. पॉलिनेशियन म्हणविणारें पेय ओकलंडमध्यें केलें तर अस्सल, आणि प्रत्यक्ष पॉलिनेशियाच्या एका बेटावर तेथल्या रिवाजाप्रमाणें केलें तर बनावट! ह्याहून चमत्कारिक निवाडा दफ्तरखान्यांतही सांपडणार नाहीं.

तरीही हा निवाडा तर्काला सोडून नाहीं. भक्तमंडळी ताडून पाहतात ती नक्कल ताहितीशीं नव्हे, तर डॉन आणि व्हिक ह्यांच्या दुकानांशीं. त्यांच्या लेखीं मूळ कागद तोच. अडचण एवढीच कीं, तो कागदही एकसारखा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत लाखों अमेरिकन सैनिक पॅसिफिकमध्यें जाऊन आले. १९४७ सालीं जेम्स मिचनर ह्यांच्या दक्षिण समुद्रावरील कथा प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षीं थॉर हेयरडाल ह्यांनीं ‘कोन-टिकी’ नांवाच्या तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवसांचा प्रवास केला. १९५९ सालीं हवाई हें अमेरिकेचें राज्य बनलें. ह्या लाटेवर १९५० नंतरच्या दशकांत मोठमोठे कोरीव पुतळे मद्यगृहांच्या दारांत उभे राहिले, आणि पुढें साऱ्या प्रकाराला टिकी हें नांव चिकटलें. डॉनच्या पहिल्या दुकानाची ओळख ह्या मूर्तींवर बेतलेली नव्हती. ह्या विषयाचे अभ्यासक स्वेन किर्स्टन त्या आरंभकाळाला ‘टिकीपूर्व’ असें म्हणतात. दारांतील मूर्ति हीच कसोटी मानली तर टिकी बारांचा जनकच परीक्षेंत नापास व्हावयाचा.

मग ह्या काटेकोरपणाचा उपयोग काय? उपयोग होता, आणि त्याची साक्ष पुढील काळांत मिळते. १९७० नंतर नव्या पिढीला हीं मद्यगृहें आईबापांच्या वेळचा भडक तमाशा वाटूं लागलीं. ताज्या रसाची जागा बाटलींतल्या आंबटगोड पाण्यानें घेतली, आणि एकेक दुकान बंद पडूं लागलें. ओहायो राज्यांतील कोलंबस शहरीं १९६१ सालीं ‘काहिकी’ नांवाचें भव्य भोजनगृह उभें राहिलें होतें. १९९७ सालीं त्याची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादींत झाली. तरी २००० सालीं तें पाडलें गेलें आणि त्या जागीं औषधांचें दुकान आलें. फ्लोरिडांतील फोर्ट लॉडरडेल येथें १९५६ मध्यें उघडलेलें ‘माय-काय’ मात्र टिकलें. तेथील पेयें बसविणारा मारियानो लिकुदिने हा डॉनच्या शिकागोच्या दुकानांत तयार झालेला फिलिपिनो कारागीर. २०१४ सालीं त्याही वास्तूची राष्ट्रीय यादींत नोंद झाली. २०२० सालीं छप्पर कोसळल्यानें ती बंद पडली, आणि दुरुस्तीनंतर २०२४ मध्यें पुन्हां उघडली. सोंग म्हणून उभें केलेलें घर पन्नास-साठ वर्षें टिकलें कीं तेंच इतिहासाचा कागद बनतें. भक्तमंडळींनीं ताज्या लिंबासाठीं हट्ट धरला नसता, मळकट वह्या उलगडल्या नसत्या, तर बुहेन आणि लिकुदिने हीं नांवें आज कोणाच्या कानींही पडलीं नसतीं.

परंतु ह्या वादांत एक पक्षकार फार काळ बोलाविलाच गेला नाहीं. ज्याच्या नांवानें ही मद्यगृहें ओळखलीं जातात तो टिकी, माओरी परंपरेप्रमाणें, पहिला मनुष्य. मार्केसस बेटांत त्याच नांवाच्या लांकडी व पाषाणी मूर्ति पूर्वजांच्या आणि देवतांच्या स्थानीं मानल्या गेल्या. ह्या मूर्तींचा इतिहास सुखाचा नाहीं. हवाईचा राजा पहिला कामेहामेहा १८१९ सालीं वारल्यावर त्याच्या मुलानें जुने धर्मनिर्बंध मोडले, आणि देवालयांतील मूर्ति जाळण्यांत आल्या. ताहितींत ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या दुसऱ्या पोमारे राजाच्या काळीं तेंच घडलें. वांचलेल्या मूर्तींपैकीं कांहीं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. हवाईच्या राणीला १८९३ सालीं पदच्युत करण्यांत आलें, आणि १८९८ सालीं तीं बेटें अमेरिकेनें आपल्या राज्याला जोडलीं. १९६६ ते १९९६ ह्या तीस वर्षांत फ्रान्सनें पॉलिनेशियांतील मुरुरोआ व फांगाताउफा ह्या कंकणद्वीपांवर १९३ अण्वस्त्रचांचण्या केल्या. देव जाळले गेले, राज्य गेलें, समुद्र विषारी होण्याची भीति उत्पन्न झाली. आणि त्याच देवांचीं तोंडें दूरच्या शहरांत मद्याचे पेले झालीं.

म्हणून अलीकडे पॉलिनेशियन वंशाच्या अनेकांनीं ह्या नांवाला व मूर्तींच्या वापराला आक्षेप घेतला आहे, आणि कांहीं मद्यगृहांनीं टिकी हा शब्द सोडून आपणांस केवळ उष्ण कटिबंधाचें मद्यगृह म्हणवून घेणें पसंत केलें आहे. सर्व बेटवासीयांचें मत एकच आहे असें मात्र नाहीं. माय-कायमधील पॉलिनेशियन नृत्याचा कार्यक्रम ताहितींत जन्मलेल्या मिरेय थॉर्न्टन ह्यांनीं बसविला आणि तो दशकानुदशकें चालला. अशा स्थळांनीं बेटांवरील कलावंतांना रंगभूमि दिली आणि उपजीविकाही दिली, हेंही नाकारतां येत नाहीं. परंतु उपजीविका देणें निराळें आणि साक्षीला बोलावणें निराळें.

अस्सल कीं नक्कल, हा प्रश्न नव्या मद्यगृहाच्या दारांत उभा राहून विचारणारे वस्तुतः दोन निरनिराळ्या कागदांविषयीं बोलत असतात. एक कागद १९३३ च्या सुमाराचा, हॉलिवुडचा. त्याच्याशीं पेय, अंधार आणि बांबू ताडून पाहतां येतात, आणि ती तपासणी प्रामाणिकपणें झाली तर विस्मृत कारागिरांना त्यांचें श्रेय मिळतें. दुसरा कागद शेंकडों वर्षांपूर्वीचा, समुद्रापलीकडचा. त्याचा बराच भाग जळून गेला आहे, आणि उरलेला कसा वाचावा हें सांगण्याचा पहिला अधिकार त्या बेटांवरील वंशजांचा आहे. पहिल्या कागदाशीं जुळलेल्या नकलेवर दुसऱ्या कागदाचा शेरा मारणें हा खोटेपणा होय, मग लिंबू कितीही ताजें असो. दफ्तरांतील चोख कारकून नकलेवर शेरा मारण्यापूर्वीं, ती कोणत्या सनदेची, हें आधीं विचारून घेतो. पेल्यावर कोरलेल्या तोंडाकडे पाहून हाच प्रश्न विचारणारीं माणसें आतां त्या मद्यगृहांतही दिसूं लागलीं आहेत, आणि त्यांत त्या बेटांवरचींही कांहीं आहेत.